बाजूच्या स्टुलावरचा रंग

ललितला मॉनिटर घ्यायचा होता. माणसं जमीन घेतात, सोयरीक जमवतात, त्यालासुद्धा एवढा खल करत नाहीत. पण ललितनं सगळा उन्हाळा याच एका कामात घालवला. जेवताना ताटाला मोबाईल टेकवून तो कुणा ना कुणा पोराची परीक्षणं बघायचा. ते पोरगं खोक्यातून मॉनिटर असं अलगद काढायचं की जणू पाळण्यातून बाळच उचलतंय, आणि इकडे ललितची भाजी गार व्हायची. सपाट घ्यावा की वक्र? सत्तावीस इंची बरा की चौतीस इंची लांबलचक? वक्र घ्यायचा तर बाक किती असावा? रात्री एका निर्णयावर यायचा आणि सकाळी दात घासता घासता तो निर्णय थुंकून टाकायचा.

"भाऊ, लगीन कराले बी तुले इतला टाईम नई लागना," त्याची आई सुंदराबाई म्हणाली. ती सुरतेत बमरोलीच्या दोन खोल्यांच्या घरात भिंतीशी बसून दिवसभर साड्यांना टिकल्या चिकटवायची आणि तोंडानं मुलाला चिमटे काढायची. दोन्ही कामांत तिचा हात बसलेला होता.

ललित हसण्यावारी न्यायचा. पण आत कुठे तरी पाणी मुरत होतं.

खरी गोष्ट मॉनिटरची नव्हतीच. ललित साड्यांच्या प्रिंटची डिझाईन करायचा. आधी उधन्यातल्या एका स्टुडिओत नोकरीला होता, मग ती सोडून घरीच बसला. सुरतेत साडीचं डिझाईन कधी कुणी एकट्यानं बघत नाही. कारागीर मधल्या खुर्चीत माऊस धरून बसतो, आणि ज्याला माल हवा तो व्यापारी, म्हणजे पार्टी, बाजूच्या स्टुलावर बसतो. स्टुलावरचा माणूस बोट दाखवतो, खुर्चीवरचा हात चालवतो. बुट्टा वर घे, काठ जाड कर, पदरातलं पान काढ. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रंग. एकच डिझाईन पाच-सहा रंगांत करायचं असतं, त्याला इथे मॅचिंग म्हणतात. डिझाईन कितीही देखणं असो, मॅचिंग चुकलं की साडी दुकानात पडून राहते.

पार्टी नसेल तेव्हा त्या स्टुलावर हर्षदा बसायची. लग्न होऊन अमळनेरहून आली तेव्हा ती नुसती बघायला बसे. मग एक दिवस म्हणाली, "ह्या रानीच्या शेजारी तो पिवळा ओरडतोय." ललितनं पिवळा उतरवला आणि तेच मॅचिंग खूप खपलं. तेव्हापासून गडद गुलाबी रानी, गाजरी, मोरपंखी छटेचा रामा, मेंदी असे सगळे रंग हर्षदाच्या तोंडून येऊ लागले. माऊसला ती हात लावत नसे. अर्ध्या कामातून कुकरची शिट्टी ऐकून उठावं लागतं म्हणून दाराजवळचं ते स्टूलच तिला बरं पडायचं. लोक म्हणायचे ललितचा हात चांगला आहे. ललित "कृपा आहे" म्हणायचा. ती कृपा शेजारच्या स्टुलावर बसलेली आहे, हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. मुद्दाम लपवलंही नव्हतं म्हणा. पण सांगितलंही नव्हतं.

आणि ही गोष्ट उज्ज्वलाबेननं बरोबर हेरली. रिंगरोडजवळ तिचा मोठा स्टुडिओ होता. एका लग्नात तिनं हर्षदाला दहा-बारा बायकांच्या साड्यांवर बोलताना ऐकलं आणि सरळ विचारलं, "माझ्याकडे येतेस? माऊस चालवायला माझ्याकडे पोरं आहेत. तू फक्त रंग सांगायचे."

हर्षदानं घरी येऊन ते सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता की ललितला तिच्याकडे बघवेना. "बघू," एवढंच तो म्हणाला. हर्षदानं उज्ज्वलाबेनकडून विचार करायला थोडा वेळ मागून घेतला, आणि उधना दरवाजाहून तिकडे कुठली बस जाते याची चौकशीही करून ठेवली.

जाऊ नको, असं ललित म्हणू शकत नव्हता. कुठल्या तोंडानं म्हणणार? आणि जा असं म्हणायला जीभ रेटत नव्हती. ती गेली तर स्टूल रिकामं राहील आणि आपला हात किती चांगला आहे हे महिन्याभरात अख्ख्या मार्केटला कळेल, ही भीती त्याच्या पोटात बसली होती. मग त्यानं ती भीती बोलून दाखवायच्या ऐवजी मॉनिटर शोधायला घेतला. जुना पडदा लहान होता, दोघांना दाटीवाटीनं बघावं लागायचं. चांगला लांबरुंद पडदा आणला, दिवसा त्यावर ऐसपैस काम केलं, संध्याकाळी त्यावरच पिक्चर लावला, तर हर्षदाला घरातच इतकं बरं वाटेल की रिंगरोडची आठवणच येणार नाही, असा त्याचा हिशेब होता. बायकोला "थांब" हे दोन अक्षरी बोलायचं सोडून हा गडी चौतीस इंच शोधत फिरत होता.

शेवटी एका रविवारी दोघं दुकानात गेली. दुकानदार दीपकभाई बोलायला मोठा गोड. त्यानं भिंतीवरचे सपाट मॉनिटर दाखवायचे म्हणून दाखवले आणि मग दोघांना आतल्या गारेगार खोलीत नेलं. तिथे एका मेजावर एकटाच तो वक्र पडदा मांडला होता. समोर एकच गुबगुबीत खुर्ची.

"बैठो सेठ," दीपकभाई म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी सेठ म्हटलं. ललित बसला. दीपकभाईनं समुद्राखालचा व्हिडिओ लावला आणि निळे-केशरी मासे ललितच्या दोन्ही कानांपर्यंत येऊन पोहोचले. मग ललितनं पेन ड्राइव्हमधलं स्वतःचं एक डिझाईन लावायला सांगितलं. अख्खी साडी, काठापासून पदरापर्यंत, एका नजरेत! आजवर तो ती तुकड्यातुकड्यानं बघत आला होता.

"हर्षदा, तू बस बरं," तो उठला. तिनं दोन्ही हेल्मेटं त्याच्या हातात दिली आणि बसली. तिनं साडी इकडून तिकडे न्याहाळली. "रामा काय खुललाय!" ती म्हणाली. "असा दिसत होता का हा आपला?"

दोघांनाही पसंत. एवढा उन्हाळाभर अडलेलं घोडं पाच मिनिटांत न्हालं. ज्या कामात दोन माणसं शेजारी शेजारी बसतात त्यासाठी पडदा घ्यायचा, आणि बघायचा मात्र एकेकट्यानं पाळीपाळीनं मधल्या खुर्चीत बसून; हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. खुर्चीच एक होती, त्याला कोण काय करणार? उन्हाळाभर ऐकलेल्या त्या पोरांनीही कधी सांगितलं नव्हतं. ती पोरं एकटी बसून गाड्या पळवायचे खेळ खेळत होती. त्यांच्या शेजारी कुठे कुणी मॅचिंग सांगायला बसत होतं?

मॉनिटर घरी आला. सुंदराबाईनं त्याला हळदकुंकू लावलं, आणि "हाई तर वाकी जायेल शे," म्हणून नाक मुरडलं. टेबल एका बाजूनं कपाटाला आणि दुसऱ्या बाजूनं दाराला खेटून होतं, त्यामुळे पडदा बसवताना कपाटाचं एक दार कायमचं बंद झालं. ललित मधे बसला. हर्षदा दाराजवळच्या स्टुलावर बसली. काम सुरू झालं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीच माशी शिंकली.

"रानी उठत नाहीये," हर्षदा म्हणाली. "थोडा गडद करा."

ललितनं केला.

"अजून."

"अजून केला तर वांग्यासारखा होईल."

"कुठे वांग्यासारखा? अजून फिकाच आहे. आणि रामा तर राखेत लोळल्यासारखा दिसतोय."

ललितनं पडद्याकडे बघितलं. रानी चटक, झळझळीत होता, रामा मोरासारखा. त्यानं डोळे चोळून परत बघितलं. तसाच. "तुला काय झालंय?" तो म्हणाला. "नवीन पडदा आहे हा. जुन्या मडक्यावर नजर बसलीय तुझी. होईल सवय."

सवय झाली नाही. रोज हेच. ती म्हणे गडद करा, तो म्हणे पुरे. आधी हसत, मग चिडून, मग नुसतं सुस्कारे टाकत. तो मनातून घाबरला होता. दोघांना जवळ बसवायला आणलेली वस्तू, आणि तिच्यासमोर बसलं की दोघांचं भांडण ठरलेलं. संध्याकाळी पिक्चर लावावा तर आई पलंगावरून म्हणायची, "ह्या मानसे राख लायेल का दिसतस रे?" ललित म्हणाला, आई, तुझा मोतीबिंदू पिकला असेल. आता घरातल्या सगळ्या बायकांचे डोळे एकदमच कसे बिघडतील, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता की नाही? नाही पडला. मधल्या खुर्चीत बसणाऱ्याला असे प्रश्न पडत नाहीत.

शेवटी एका डिझाईनवर त्यानं तिचं ऐकलंच नाही. स्वतःला दिसत होते ते रंग कायम केले आणि मिलमध्ये सॅम्पल छापायला पाठवलं. सॅम्पल आलं ते जसंच्या तसं. त्यानं तो तुकडा पडद्याशेजारी धरला. रंगात रंग मिळालेला.

"बघ," तो म्हणाला. आवाजात विजय होता, तो त्याला लपवता आला नाही. "मशीन खोटं बोलेल, मिल खोटं बोलेल, पण कापड खोटं बोलणार नाही. तुझी नजर बिघडलीय, हर्षदा."

हर्षदानं तो तुकडा हातात घेतला. दारात जाऊन उजेडात बघितला. परत आली, स्टुलावर बसून पडद्याकडे बघितलं, पुढे वाकून बघितलं, मागे सरून बघितलं. तुकडा टेबलावर ठेवून दिला. त्या दिवसापासून तिनं "गडद करा" म्हणायचं सोडलं. विचारलं तरी "तुम्हीच बघा" म्हणायची. भांडण मिटलं. घर शांत झालं, आणि ललितला ती शांतता भांडणापेक्षा जड जाऊ लागली. तो काम करता करता उठायचा, पाणी प्यायचा, दारापर्यंत जाऊन परत यायचा. काय टोचतंय ते सापडत नव्हतं.

मग एका दुपारी पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "मी उज्ज्वलाबेनला नाही म्हणून सांगितलं."

ललितनं हातातला पेला खाली ठेवला. "का गं?"

"काय करणार जाऊन? ती मला डोळ्यांसाठीच बोलावत होती. तेच खरे राहिले नाहीत, हेही सांगितलं तिला." ती पोळीकडे बघत बोलत होती. "पुढे वाकले की रंग बरोबर दिसतो, मागे टेकले की उडून जातो. असं कुठे असतं का? माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी रंग गेले, मग कडेकडेचं दिसेना, मग काचबिंदू म्हणाले."

"काही तरी काय बोलतेस. एवढं काही नसेल," ललित म्हणाला.

आणि मग त्यानं काय केलं? बूट घातले आणि कोपऱ्यावरून वाफवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचा गरमागरम लोचो घेऊन आला, वर बटर, शेव, कांदा, सगळं. बायको भ्यालेली, आणि हा लोचो आणतो! तिची समजूत घालायला आणला असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण वाटेत पिशवी झुलवत येताना त्याचं मन कसं हलकं झालं होतं, हे त्याचं त्याला ठाऊक होतं. ती जाणार नव्हती. स्टूल रिकामं होणार नव्हतं. त्याला जे हवं होतं ते न मागता मिळालं होतं. त्यानं एक घास खाल्ला आणि ताटली तिच्यापुढे सरकवली.

पुढच्या मंगळवारी सुंदराबाईच सुनेला घेऊन उधन्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. "तू बस तठेच," जाताना तिनं मुलाला सुनावलं. "तुना वाकडा टीव्ही सांभाळ." ललित बरोबर जायला निघाला होता, पण खुशालभाई यायचे होते. खुशालभाई म्हणजे त्याची सगळ्यात जुनी पार्टी. तो नोकरी सोडून घरी बसला तेव्हा सगळ्यात आधी काम यांनीच दिलं होतं.

खुशालभाई आले, चप्पल दाराशी काढली आणि रिवाजाप्रमाणे स्टुलावर बसले. नवा पडदा बघून आधी मान डोलावली. ललितनं साडी उघडली. खुशालभाईंची मान डोलायची थांबली.

"ललित, आ तो साव फिक्कुं लागे छे."

"फिकं कुठे, खुशालभाई? बघा ना नीट. रानी बघा."

"आ रानी छे के धोवायेली रानी?" खुशालभाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. "भाभी नहीं है क्या घर में? भाभी होती तो ऐसा रंग जाने देती?"

म्हणजे रंग कुणाचे ते खुशालभाईंना न सांगताच ठाऊक होतं. ललित चिडला. बायको, आई आणि आता पार्टी! "आप इधर बैठ के देखो," म्हणून तो खुर्चीतून उठला. ती खुर्ची आजवर त्यानं कुणाला दिली नव्हती, पण आज त्याला स्वतःचं खरं करून दाखवायचं होतं. खुशालभाई कुरकुरत खुर्चीत बसले. जागा कुठे होती दुसरी? ललित स्टुलावर बसला.

"ओहो!" खुशालभाई म्हणाले. "हा, अब ठीक है. अब तो एकदम चटक है."

ललितला ते ऐकू आलं नाही. तो पडद्याकडे बघत होता. त्याच्या बाजूची कड त्याच्यापासून तोंड फिरवून बसल्यासारखी वळलेली होती आणि तिच्यावरचा रानी धुवून वाळत घातल्यासारखा दिसत होता. रामावर राख होती. काळा काळा राहिला नव्हता, मळकट झाला होता. तो पुढे वाकला. रंग भरून आले. मागे सरला. उडून गेले. पुन्हा वाकला, पुन्हा सरला. हर्षदानं त्या दिवशी असंच केलं होतं, त्याच्या डोळ्यांदेखत, आणि तो हातात सॅम्पलचा तुकडा धरून जिंकल्यासारखा उभा होता.

तिच्या नजरेला काहीही झालेलं नव्हतं. तिला दिसत होतं तेच ती सांगत होती, आणि त्याला दिसत होतं तेच तो. हा पडदा बनवणाऱ्यानं एकाच माणसासाठी बनवला होता. त्या एकाला सगळं जग वळवून दाखवायचं आणि शेजारच्याला राख. आणि त्यानं हाच निवडून आणला होता, हौसेनं, दोघांसाठी. एकदा, फक्त एकदा तिच्या जागी येऊन बसला असता तर? हातभर तर अंतर होतं. त्याला शरम वाटली.

खुशालभाई डिझाईन पसंत करून, चहा पिऊन गेले. त्यांनी आणखी काय सांगितलं ते ललितला आठवत नव्हतं. तो घरात येरझाऱ्या घालू लागला. दोन खोल्यांत येरझाऱ्या त्या किती घालणार? पलंगाला गुडघा आपटला, पुन्हा वळला. मनात भलतेच विचार येत होते. डॉक्टर काही तरी सांगेल, कुठले तरी थेंब देईल. सपाट पडदा आणायचा, गुपचूप. म्हणायचं, थेंबांनी गुण आला. ती पुन्हा रंग सांगू लागेल, घरीच, याच स्टुलावर. उज्ज्वलाबेनला तर नाही म्हणून झालंच आहे. कुणाचं काय बिघडतंय? सगळं जागच्या जागी राहील. आणि लगेच त्याला वाटे, अरे, पण ती काचबिंदूच्या भीतीनं रात्र रात्र जागतेय त्याचं काय? मग वाटे, थेंब आले की भीती जाईलच की. चोराचं मन असं सतरा वाटांनी पळत होतं आणि प्रत्येक वाट त्या दाराजवळच्या स्टुलाशी येऊन थांबत होती.

रिक्षा वाजली. सुंदराबाई हर्षदाचा दंड धरून तिला पायरी चढवत होती. हर्षदाचे डोळे बारीक झाले होते आणि त्यातून पाणी वाहत होतं.

"काय झालं?" ललित पुढे धावला.

"थेंब टाकेल शेत," सुंदराबाई म्हणाली. "सांजलोंग तिले काही दिसाव नई. तिले पलंगवर बसाड." आणि ती चहा ठेवायला आत गेली.

हर्षदा पलंगाच्या कडेला बसली. उजेड नको म्हणून ललितनं खिडकी लावून घेतली.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"काही नाही म्हणाले." तिचा आवाज बसलेला होता. "बाहुल्या मोठ्या करून आतलं सगळं बघितलं. म्हणाले, डोळे एकदम साफ आहेत, काही नाही. चष्मासुद्धा नाही." तिनं पाणावलेले डोळे मिटून घेतले. "मला तेच भ्या वाटतंय. त्यांनाही सापडलं नाही, मग आहे काय हे? डोळे नाही तर काय, डोकं?"

ललित पडद्याकडे बघू लागला. दाखवून टाकलं असतं, तिला धरून खुर्चीत बसवलं असतं, मग स्टुलावर, आणि तोंडातून एक शब्द न काढता सगळं झालं असतं. पण आज तिला रानी आणि राख यातला फरक दिसणार नव्हता. जे सांगायचं ते तोंडानंच सांगावं लागणार होतं. किंवा सांगायचं नाही. डॉक्टरनं तर त्याचं काम आणखी सोपं करून ठेवलं होतं.

"हर्षदा," तो म्हणाला. "तुझे डोळे चांगले आहेत."

"डॉक्टरही तेच म्हणतात."

"डॉक्टरचं सोड. मी आज तुझ्या स्टुलावर बसलो होतो." आणि मग त्यानं सांगितलं. खुशालभाई काय म्हणाले, जागा कशी बदलली, पुढे वाकल्यावर काय दिसलं, मागे सरल्यावर काय दिसलं. सांगताना तो तिच्याकडे बघू शकत होता, कारण तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता. "तो पडदाच तसला आहे. मधल्या माणसापुरता. तू म्हणत होतीस ते सगळं बरोबर होतं, तुझ्या जागेवरून. मी कधी आलोच नाही तिकडे."

हर्षदानं पदरानं डोळे टिपले. थेंबांचं पाणी होतं की आणखी काही, ते कळायला मार्ग नव्हता. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता; सुंदराबाई कान देऊन ऐकत असावी.

"कधी कळलं तुम्हाला?" हर्षदानं विचारलं.

"आत्ताच. दुपारी."

"आणि लगेच सांगितलंत?"

ललित हो म्हणणार होता. "नाही," तो म्हणाला. "सांगू नये असंही वाटत होतं. तुम्ही येईपर्यंत तेच चाललं होतं डोक्यात."

"उज्ज्वलाबेनला नाही म्हटलं तेव्हा तुम्ही लोचो आणला होता," हर्षदा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं, माझ्यासाठी आणला. माझी नजर गेली म्हणून तुम्हाला आनंद झाला होता का?"

"नजर गेली म्हणून नाही. तू जाणार नाहीस म्हणून."

"ते एकच झालं."

ललितनं मनाशी ते कबूल केलं. एकच होतं ते.

"उन्हाळाभर तुम्ही सगळ्या जगाला विचारलंत, कोणता घेऊ, कसा घेऊ," ती म्हणाली. "मला एकदा विचारायचं होतं, जातेस का म्हणून. मी काय सांगितलं असतं ते मलाही माहीत नव्हतं. कदाचित नसते गेले. पण विचारायचं होतंत."

"आता विचारतो," ललित म्हणाला. "तुला जायचंय?"

"हो."

तिनं वेळ घेतला नाही, गोड केलं नाही. तिनं चाचपडत पिशवीतून फोन काढला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग वैतागून मान हलवली.

"अक्षरं पसरलीत सगळी. काही वाचता येत नाहीये," ती म्हणाली आणि फोन त्याच्यापुढे धरला. "उज्ज्वलाबेनला लावून द्या."

"आत्ता? संध्याकाळी लाव ना, नजर साफ झाल्यावर."

"संध्याकाळपर्यंत ती दुसरी कुणी बघेल. लावा."

ललितनं फोन घेतला. नाव शोधायला बोट वर-खाली करायचीही गरज पडली नाही; पहिल्या चार नावांतच उज्ज्वलाबेन होती. तो त्या नावाकडे बघत राहिला. लागला नाही, बंद आहे, असं म्हटलं असतं तरी हर्षदाला कळलं नसतं. आज तिला तो सांगेल तेच खरं होतं. त्यानं बोट टेकवलं. घंटी वाजू लागली. त्याच्या मनाचा अर्धा भाग म्हणत होता, बाईनं फोन उचलू नये, जागा भरलेली असावी, ही बला टळावी. त्या अर्ध्या मनासकट त्यानं फोन हर्षदाच्या कानाला लावला आणि तिला नीट धरता येईपर्यंत आपला हात काढला नाही.

पलीकडून कुणी तरी उचलला.

"उज्ज्वलाबेन, हर्षदा बोलुं छुं," ती म्हणाली. ती पाठ ताठ करून बसली होती, आणि डोळे धड आहेत हे आता तीच सांगत होती. "मारी आंखने कंई नथी थयुं."